मुक्या अशिलाची कैफियत

मराठी दिवाळी अंकांच्या सर्व संपादकांस,



१९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजतागायत मराठी कथेचे जे काही बरेवाईट झाले, त्यात आपल्या आसनावर बसलेल्या संपादकांचा वाटा लेखकांच्या खालोखाल, आणि क्वचित प्रसंगी लेखकांहूनही अधिक, राहिलेला आहे. कोणती कथा छापावी आणि कोणती साभार परत करावी हे ठरवीत असताना, आयुष्याचा कोणता प्रांत प्रौढ वाचकाच्या चिंतनास योग्य आणि कोणता केवळ मुलाबाळांच्या करमणुकीपुरता, याचाही निवाडा आपल्या हातून नकळत होत असतो. या दुसऱ्या निवाड्याविरुद्ध मला आपल्यापुढे एक कैफियत मांडावयाची आहे. आणि ती माझ्या एकटीची नसल्यामुळे खासगी पत्राचा मार्ग सोडून जाहीर पत्राचा अवलंब केला आहे.

मी कथा आणि कादंबऱ्या लिहिते. कोणत्याही प्रकाशनसंस्थेच्या पदरी नसल्यामुळे माझी पुस्तके मीच छापून घेते, मुद्रिते मीच तपासते, आणि वितरकाच्या कमिशनाचा हिशेब व न खपलेल्या प्रतींचे गठ्ठे हे दोन्ही माझ्याच घरात मुक्कामाला असतात. माझ्या लेखनाचा बहुतेक ऐवज जखमी, टाकून दिलेल्या किंवा संकटात सापडलेल्या प्राण्यांची सुटका करणाऱ्या, आजकालच्या सर्रास बोलीत ‘रेस्क्यू’ करणाऱ्या, माणसांच्या सहवासातून मला मिळालेला आहे. पशुवैद्य, वनरक्षक, सर्पमित्र, पांजरपोळातले गडी, अपरात्री फोन वाजला की कुरकुरत का होईना पण पायांत चपला सरकवणारी माणसे, यांच्यात वावरताना जे पाहिले व ऐकले त्यातून मी काल्पनिक पात्रे आणि काल्पनिक प्रसंग रचते. अशा कथा आपल्याकडे पाठविल्या असता दोन प्रकारचे अभिप्राय वारंवार येतात. एक असा, की कथा चांगली आहे, बालविभागासाठी तिचा विचार करता येईल. दुसरा असा, की कथा चांगली आहे, परंतु शेवटी तो प्राणी बरा होऊन मोकळा झालेला दाखविता आला तर दिवाळीच्या वातावरणाला ते शोभून दिसेल. दोन्ही अभिप्रायांमागील सद्भावाविषयी मला तिळमात्र शंका नाही. माझा वाद आहे तो त्यांच्या मुळाशी असलेल्या समजाशी.

प्राण्याची गोष्ट ती मुलांची गोष्ट, हा समज आपल्या परंपरेतून आला असे कोणी म्हणत असेल, तर ते परंपरेवर अन्याय करणारे आहे. पंचतंत्रातील करटक आणि दमनक हे नावापुरतेच कोल्हे; त्यांच्या तोंडी आहे ती निव्वळ राजनीती, आणि ती ज्यांना सांगितली ते उद्या राज्यकारभार हाकणारे राजपुत्र होते. मात्र या परंपरेत एक उणीव निश्चित आहे, आणि ती ध्यानात यावी म्हणून सर्वांच्या परिचयाची एकच कथा घेते. काशीहून रामेश्वराकडे गंगेची कावड नेत असताना, वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव पाहून एकनाथमहाराजांनी ते सारे गंगोदक त्याच्या मुखी घातले, ही कथा महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ही शब्दशः प्राण्याच्या सुटकेचीच कथा होय. तिच्यात नाथांची भूतदया आहे, सोबतच्या यात्रेकरूंचा विस्मय आहे, रामेश्वर तेथेच पावला हा निष्कर्षही आहे. नाही तो फक्त गाढवाचा पुढचा दिवस. पाणी पिऊन ते उठले खरे, परंतु ज्याने ओझी वाहून घेऊन त्याला तेथे सोडून दिले तो धनी परत आला की नाही, दुसऱ्या दिवशी त्या गाढवाने पाणी कोठे शोधले, याची पृच्छा करण्याचे आपल्याला कधी सुचलेच नाही; कारण कथेचा नायक नाथ होते आणि नाथांचे कार्य तेवढ्यात पुरे झाले होते. संतचरित्राला ही मर्यादा शोभते. कथाकाराने मात्र नेमका तो पुढचा दिवसच लिहावयाचा असतो, असे माझे नम्र मत आहे.

पुढच्या दिवसात असे काय असते, ते एका उदाहरणाने सांगते. मकरसंक्रांत सरली की पशुपक्ष्यांच्या दवाखान्यांतून मांजाने कापलेल्या पक्ष्यांची रीघ लागते. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे, आणि तरीही तो दर संक्रांतीला विकला जातो. अशाच एका सकाळी दोन मुलगे बिस्किटांच्या मोठ्या खोक्याला भोके पाडून त्यात एक घार घेऊन आले. त्यांतल्या धाकट्याने मोठ्या मायेने रात्रभर तिच्या चोचीत थेंबथेंब पाणी सोडले होते. पाणी श्वासनलिकेत जाऊन पक्षी दगावतो हे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि डॉक्टरांनीही त्या घटकेला ते सांगितले नाही. त्यांनी प्रथम पक्ष्याच्या डोक्यावर फडके टाकले, कारण डोळ्यांपुढे अंधार आला की त्याची धडपड थांबते. मग एका हाताने दोन्ही पाय धरून दुसऱ्या हाताने पंख हळूहळू उलगडला. खांद्यापासून मनगटापर्यंत पंखाच्या पुढच्या कडेला कातडीचा जो पातळ पडदा ताणलेला असतो, तो चिरत जाऊन मांजा हाडाला भिडला होता आणि सुकलेल्या रक्तात पिसे चिकटून त्यांची दोरी वळली होती. हाड शाबूत होते. थोरल्या मुलाने विचारले, “उडेल ना?” डॉक्टर म्हणाले, “बघू.”

या ‘बघू’मध्ये केवढा प्रपंच साठलेला आहे हे त्या मुलाला कळण्याचे कारण नव्हते, वाचकाला कळावे म्हणूनच मी ती कथा लिहिली. पडदा शिवता येतो. परंतु तो आकसून भरला तर पंख पुरता उघडत नाही, आणि जिचा पंख पुरता उघडत नाही ती घार वाऱ्यावर तरंगू शकत नाही, तरंगली नाही तर तिला भक्ष्य मिळत नाही. तेव्हा तीन वाटा उरतात. दीर्घकाळ उपचार करून पाहावे, आणि पिंजरा अडल्यामुळे नंतर येणाऱ्या दोन पक्ष्यांना जागा नाकारावी. किंवा वर्षानुवर्षे तिला पिंजऱ्यातच पोसावे. किंवा सुईने तिच्या यातनांचा शेवट करावा. दवाखान्याच्या आवक नोंदवहीत तारीख, जात, कोणी आणले, कोठे सापडले, कारण, उपचार असे रकाने आखलेले असतात आणि सर्वांत शेवटी एक अरुंद रकाना असतो, शेऱ्याचा. ‘मुक्त’, ‘मृत’, ‘दयामरण’, ‘कायम आश्रय’ यांपैकी एखादा शब्द त्यात पडतो आणि प्रकरण दप्तरदाखल होते. वर्तमानपत्रात छायाचित्र येते ते फक्त ‘मुक्त’ या शेऱ्याचे. उरलेल्या शेऱ्यांमागे ज्या माणसाने हातात सुई धरून किंवा सुई खाली ठेवून निर्णय घेतला, त्याच्या मनात त्या घटकेला काय चालले होते, याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ती करण्याचे ठिकाण कथा हेच आहे.

संपादकमहोदय, माझ्या कैफियतीचे मर्म येथेच आहे. न्यायालयात अशील आपल्या वकिलाला वकीलपत्र देतो, हकीकत सांगतो, आणि वकील चुकला तर त्याला बदलतोही. प्राण्याची सुटका करणारा मनुष्य मात्र ज्याने वकीलपत्र दिलेले नाही, ज्याला हकीकत सांगता येत नाही आणि जो निकालावर अपीलही करणार नाही, अशा अशिलाच्या वतीने जीवनमरणाचा निर्णय घेत असतो. भूतदया हा त्या निर्णयाचा केवळ आरंभ आहे. पुढे ज्ञान लागते, पैसा लागतो, कायद्याची चौकट सांभाळावी लागते, आणि इतके करूनही आपण योग्य केले की नाही हे त्या अशिलाच्या तोंडून कधीच कळत नाही. इतक्या प्रचंड अनिश्चिततेत वागणारा मनुष्य प्रौढ कथेचा विषय नसेल, तर दुसरा कोणता असू शकेल ते आपणच सांगावे. बालविभागातही मला आनंदाने लिहावयाचे आहे, मुलांविषयी मला अनादर नाही. परंतु हा प्रश्न मुलांच्या पदरात टाकून वडीलधाऱ्यांनी मोकळे व्हावे, हे काही रास्त नव्हे.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्याच्या उत्तरेचे. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या तालुक्यांत धरणांचे पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, आणि उंच, दाट, वर्षभर न हलणाऱ्या त्या आडोशात बिबट्यांनी बिऱ्हाड केले. आज तेथे उसातच जन्मलेले आणि डोंगर न पाहिलेले बिबटे आहेत. गळिताचा हंगाम सुरू झाला की बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आणि तोड चालू असताना फडात मध्येच बछडी सापडतात. पूर्वी अशी बछडी अनाथ समजून उचलली जात. वस्तुतः आई शिकारीला गेलेली असते. आता वन विभागाचे लोक आणि पशुवैद्य येतात, बछड्यांची तपासणी करतात, आणि संध्याकाळी त्यांना खोक्यात घालून जेथे सापडली तेथेच परत ठेवतात. रात्री मादी वासाच्या मागाने येते आणि एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. येथे सुटका म्हणजे न उचलणे. हात आवरणे हेच ज्यात शौर्य आहे, अशी ही वीरकथा आहे.

परंतु यावर मी लिहिलेली कथा मादीपाशी थांबली नाही, आणि ती कथा संपादकांकडून साभार परत येण्याचे कारण तेच झाले. नवरा-बायकोच्या जोडीला ऊसतोडीत एक ‘कोयता’ म्हणतात. माझी नायिका अशाच एका कोयत्यातली बाई आहे. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती आली आहे आणि तिचे तान्हे मूल बांधावरच्या झोळीत निजलेले आहे. वाढे बाजूला सारताना तिलाच प्रथम ती बछडी दिसतात. काम थांबते, साहेबलोक येतात, फोटो निघतात. त्या रात्री मादी येऊन पिले घेऊन जाते आणि सगळीकडे आनंदीआनंद होतो. दुसऱ्या दिवशी मुकादम दुसऱ्या टोकाकडून तोड सुरू करतो. आता ही बाई मूल झोळीत ठेवायला धजत नाही. ते पाठीशी बांधून ती ऊस तोडते. पाठीवर मूल असले की वाकणे कमी होते, मोळ्या कमी पडतात, आणि मजुरी तर टनावर असते. बिबट्याच्या पिलांच्या सुटकेचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला, याचा हिशेब त्या फडात कोणीही केला नाही. बिबट्याच्या हल्ल्यात त्या तालुक्यांत माणसे, त्यांत लहान मुलेही, दगावलेली आहेत. तेव्हा तिची भीती अडाणीपणाची नव्हे. एका संपादकांनी अत्यंत सौजन्याने सुचविले, की मादी पिलांना घेऊन जाते तेथेच कथा संपविली तर ती अधिक परिणामकारक होईल. परिणामकारक झालीही असती. परंतु मग ती बाई त्या कथेत फक्त बछडी दाखविण्यापुरती उरली असती.

प्राण्यांच्या सुटकेवरील ललित लेखन हे कोठलेतरी नवे खूळ आहे असेही कोणी समजू नये. इंग्लंडात ॲना सिवेल या बाईने घोड्याच्या आयुष्यावरील ‘ब्लॅक ब्यूटी’ ही कादंबरी अंथरुणाला खिळलेल्या अवस्थेत, काही भाग आपल्या आईला सांगून लिहवून, पुरी केली. बालपणी घोट्याला झालेल्या दुखापतीमुळे तिचे सारे हिंडणेफिरणे घोड्यांवर अवलंबून राहिले होते. १८७७ साली पुस्तक निघाले आणि पाच महिन्यांनी ती वारली. आज जगभर हे पुस्तक मुलांच्या कपाटात आढळते. प्रत्यक्षात तिने ते लिहिले होते मोतद्दारांसाठी, गाडीवानांसाठी, घोड्यांशी रोजचा संबंध असणाऱ्या प्रौढ माणसांसाठी. केवळ डौलासाठी घोड्याची मान वर ताणून धरणाऱ्या लगामाविरुद्ध लोकमत तयार होण्यास त्या पुस्तकाचे साहाय्य झाले. पुढे १८९३ साली कॅनडाच्या मार्गारेट मार्शल सॉन्डर्स यांनी ‘ब्यूटिफुल जो’ लिहिले. ऑन्टारिओतील मीफर्ड गावी निर्दय धन्याने कान आणि शेपूट छाटलेला एक कुत्रा वाचविला गेला होता, त्या खऱ्या कुत्र्यावरून ते रचलेले होते. अमेरिकेतील एका प्राणिदया संस्थेच्या स्पर्धेसाठी लेखिकेने कथानक कॅनडातून उचलून अमेरिकेतील मेन राज्यात नेले, आणि स्त्रीने लिहिले आहे हे चटकन ध्यानात येऊ नये म्हणून नावातील ‘मार्गारेट’ गाळले. पुस्तकाचा खप दहा लाख प्रतींच्या पलीकडे गेला. या दोन्ही लेखिकांचे ऋण मान्य करूनही त्यांची एक रीत मी पत्करलेली नाही. दोघींनीही प्राण्यालाच ‘मी’ म्हणून बोलावयास लावले आहे. प्राणी बोलू लागला की अशील मुका राहत नाही, आणि मग ज्या अनिश्चिततेविषयी मी वर लिहिले ती नाहीशी होते. घोडा स्वतःच सांगतो की त्याला काय हवे होते. माझ्या कथांतले जनावर बोलत नाही. त्याच्याविषयी बोलणारी माणसे एकमेकांशी भांडतात, आणि जनावर त्यांच्याकडे पाहत असते, किंवा पाहतही नसते.

असे लेखन मराठी वाचकाला रुचणार नाही, ही भीतीही निराधार आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्षाची आहे, आणि ती कोणी मुलांची म्हणून बाजूस सारली नाही; १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मारुती चितमपल्लींनी रानाविषयी आयुष्यभर लिहिले आणि मराठी वाचकाने ते आवडीने वाचले. हेमलकशाला प्रकाश आमटे यांनी सांभाळलेल्या अनाथ वन्य प्राण्यांविषयी महाराष्ट्राला केवढे कुतूहल आहे हे मी आपणांस सांगावे असे नाही. रानातल्या प्राण्याला प्रौढ वाचक मिळतो. मग माणसाच्या हातून जखमी होऊन माणसाच्याच दारात आलेल्या प्राण्याला तो का मिळू नये?

शिवाय हा विषय आपल्या सार्वजनिक इतिहासाचाही आहे. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारच्या हुकुमाने मोकाट कुत्री मारण्याचे काम सुरू झाले, तेव्हा पारशी समाज खवळून उठला, दंगा झाला, बाजार बंद पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला. १८७४ साली प्राणिक्लेशनिवारक संस्था आली, १८८३ साली परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे इस्पितळ निघाले. १९५२ साली राज्यसभेवर नियुक्त झालेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राण्यांच्या छळाविरुद्ध खासगी विधेयक मांडले. सरकार स्वतःच कायदा करील या पंतप्रधान नेहरूंच्या आश्वासनावर त्यांनी ते मागे घेतले, आणि १९६० साली तो कायदा झाला. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड लिहिलेला आहे, आणि रुपयाची किंमत कोठल्या कोठे गेली तरी आकडा तोच राहिला आहे. बैलाची शेपटी पिरगाळून मोडणाऱ्याला होणारा दंड चहापाण्याच्या खर्चाइतका असताना, त्या बैलाला सोडविणाऱ्या माणसाने कायद्यावर किती विसंबावे आणि गावकीच्या गोडीगुलाबीवर किती, हा काय बालविभागाचा प्रश्न आहे?

अगदी कालपरवाची गोष्ट घ्यावी. शिरोळ तालुक्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण, जिला लोक प्रेमाने माधुरी म्हणत, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आली. तिची प्रकृती, तिचे पाय, कळपाविना गेलेले तिचे आयुष्य यांची चिंता करणारे एका बाजूला होते. दुसऱ्या बाजूला तिला लहानाची मोठी होताना पाहिलेला, तिला निरोप देताना ढसाढसा रडलेला आणि पुढे हजारोंच्या संख्येने रस्त्यावर उतरलेला कोल्हापूरचा मुलूख होता. या प्रकरणाचा कायदेशीर निवाडा करणे हे माझे काम नव्हे. मी एवढेच पाहते, की एका पक्षाच्या दृष्टीने जी सुटका तीच दुसऱ्या पक्षाच्या दृष्टीने ताटातूट होती. दोन्हीकडे प्रेम होते, दोन्हीकडे अभिमानही होता, आणि जिच्यासाठी हे सारे झाले तिची साक्ष कोणालाही नोंदविता आली नाही. वर्तमानपत्रांनी दोन्ही बाजूंची निवेदने छापली. तिच्या माहुताच्या घरात त्या रात्री चूल पेटली की नाही, हत्तीणीला तपासून अहवाल लिहिणाऱ्या एखाद्या पशुवैद्याला ती गर्दी पाहून काय वाटले असेल, हे लिहिण्यास कल्पनाशक्ती लागते, आणि दोन्ही पक्षांना माणसे समजण्याची तयारी लागते. असा विषय कोणत्याही भाषेतील कादंबरीकाराला मोहात पाडील. आपल्या भाषेत तो आपल्या अंगणात घडला आहे.

आता आपल्या बाजूने जे आक्षेप येतील त्यांचाही परामर्श घेणे प्राप्त आहे. या विषयावर येणाऱ्या कथा भाबड्या असतात, हा आक्षेप मी बव्हंशी मान्य करते. त्यांतले कुत्रे देवमाणसाहून देव असते, त्याला दगड मारणारा मनुष्य राक्षसाहून राक्षस असतो, आणि वाचविणारी नायिका हुबेहूब लेखिकेसारखी असते. अशा कथा जरूर परत कराव्यात. काही कथा तर निव्वळ अपायकारक असतात: नायक सापाला हाताने उचलतो, कोणी बिबट्याचे पिलू घरी आणून बाटलीने दूध पाजते, आणि ते वाचून कोणाला तरी तसे करण्याची हौस वाटते. वन्य प्राणी हाती आला तर अठ्ठेचाळीस तासांच्या आत त्याची खबर वन विभागाला वा पोलीस ठाण्याला देणे कायद्याने बंधनकारक आहे, ही साधी गोष्ट ज्या लेखकाला ठाऊक नाही त्याने या वाटेला जाऊच नये. आमच्यावर कडक नजर ठेवा. परंतु ती नजर इतर कोणत्याही प्रौढ कथेवर ठेवता तीच असावी, तिच्यात लडिवाळ सवलत नसावी आणि आगाऊ अव्हेरही नसावा.

दुसरा आक्षेप प्रचाराचा. कथेने प्राणिदयेचा प्रचार करू नये, या मताशी मी पूर्ण सहमत आहे. किंबहुना म्हणूनच मी कथा लिहिते, पत्रक लिहीत नाही. पत्रकाला निष्कर्ष लागतो. मला ऊसतोडीच्या बाईचा आणि बिबट्याच्या मादीचा हिशेब एकाच पानावर मांडावयाचा असतो, आणि तो जुळत नाही हे दाखवावयाचे असते. तिसरा आक्षेप सणाचा: दिवाळीत वाचकाला खिन्न का करावे? परंतु आपल्याच अंकांनी दुष्काळ, फाळणी, गिरणीसंप आणि शेतकऱ्याची आत्महत्या यांवरील कथा फराळाच्या ताटाशेजारी ठेवल्या, आणि मराठी वाचकाने त्या वाचल्या. चिवड्याबरोबर माणसाचे दुःख पचते आणि जनावराचे पचत नाही, असे मानण्यास मला तरी आधार दिसत नाही.

मी स्वतंत्र लेखिका आहे, तेव्हा हवे ते स्वतः छापण्यास मला कोणाची परवानगी लागत नाही, मग संपादकांच्या दारी येण्याचे प्रयोजन काय, असेही विचारले जाईल. उत्तर सरळ आहे. माझी पुस्तके मुख्यतः त्यांच्याच हाती जातात ज्यांना या विषयाची आधीपासून आस्था आहे, आणि आस्था असलेल्यांनी एकमेकांची पुस्तके विकत घेत राहणे यातून साहित्य वाढत नाही. दिवाळी अंक मात्र ज्याने कधी कुत्र्याला हात लावलेला नाही, ज्याला घार आणि गिधाड यांतला भेद ठाऊक नाही, अशा वाचकाच्या टीपॉयवर जाऊन पडतो. तालुक्याच्या सार्वजनिक ग्रंथालयात तो दिवाळी सरल्यावरही महिनोन्‌महिने हातोहात फिरतो. मला तो वाचक हवा आहे. माझ्या कथेशी भांडणारा, ‘बाईचा रोज बुडाला त्याचे काय’ किंवा ‘हत्तीण मठातच सुखी होती’ असे ठणकावून सांगणारा वाचक मला हवा आहे. आणि तो आपल्याच अंकांपाशी आहे.

तेव्हा, संपादकमहोदय, विनंती एवढीच. यंदाच्या अंकाची जुळवाजुळव करताना प्राण्यांच्या सुटकेची एखादी कथा आपल्या टेबलावर आली, तर तिच्यातील जनावराकडे पाहून ती बालविभागाच्या फायलीत टाकू नये. तिच्यातील माणसे नीट उभी राहिली आहेत की नाहीत ते पाहून मग काय तो निर्णय घ्यावा. शेवटी प्राणी मोकळा झालाच पाहिजे, ही अट लेखकावर घालू नये. कथा कच्ची असेल तर बेलाशक परत करावी, पण कच्ची कोठे आहे ते सांगून करावी. आणि आपल्या परिचयाच्या एखाद्या चांगल्या कथाकाराला, ज्याने या विषयाला आजवर स्पर्शही केलेला नाही अशाला, एखाद्या पांजरपोळात किंवा जनावरांच्या इस्पितळात चार दिवस बसवून त्याच्याकडून कथा मागवावी. ती कथा माझ्या कथेहून सरस निघाली तर मला आनंदच होईल. कारण हा विषय कोणा एका लेखिकेच्या मालकीचा नाही, आणि तो मराठी कथेच्या मुख्य पानांवर यावा यापलीकडे माझी मागणी नाही.



आपली नम्र,
एक स्वतंत्र कथालेखिका